सुनेचं नाक

टेलरमास्तरांनी औषधाच्या दोन्ही बाटल्या शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या खाली दडवल्या आणि खाटेवर पडून डोळे मिटून घेतले. सून खोलीत आली तेव्हा ते चक्क घोरत होते. तिने टेबल पाहिलं, खिडकी पाहिली, त्यांच्या उशाखाली हात घालूनही पाहिला.

"बाबा, बाझ्या नाकाच्या बाटल्या दिसल्या का? इथंच ठेवल्या होत्या."

नाक सदा चोंदलेलं, त्यामुळे तिच्या 'म'चा 'ब' व्हायचा.

"नाही बुवा," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. झोपेत इतकं स्पष्ट उत्तर देणारा माणूस तिने कधी पाहिला नसेल. ती तशीच बाहेर गेली.

खरं तर मास्तर चोरी करणाऱ्यांतले नव्हते. उरलेलं वीतभर कापडही घडी घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचे, आणि टेलर लोकांत हे फारच झालं. पण माणूस नाकावर माशी बसू न देणारा. जन्मभर कडक इस्त्रीत वावरलेला. मग आतड्याचं ऑपरेशन झालं आणि पोटाला पिशवी लागली. पोटातली घाण आता त्या पिशवीत जमायची. त्यांचे हात थरथरत, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाला तरी बदलावी लागायची. पहिल्या दिवशी मुलाने नुसता श्वास रोखला, तेवढंही त्यांच्या जिव्हारी लागलं. नर्सबाईंनी नाक मुरडलं, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. पिशवी भरूच नये म्हणून मास्तरांनी जेवण सोडलं. समजावून समजावून घर थकलं.

शेवटी सूनच पुढे झाली. "बला कसला आलाय वास, बाबा? बाझं नाक कितीतरी वर्षं बंदच आहे."

ते खोटं नव्हतं. गॅसवर दूध करपलं तरी ते तिला शेजारणीने येऊन सांगावं लागे. मास्तरांनी त्या दिवशी दोन घास खाल्ले. तिच्यासमोर त्यांना लाज वाटत नव्हती. ती पिशवी बदलता बदलता गल्लीतल्या भांडणांची नक्कल करायची आणि मास्तर खुदकन हसायचे.

आणि आता कुणा डॉक्टरने तिला हे दोन फवारे दिले होते. एक नाक मोकळं करणारा. तो मोजके दिवसच मारायचा, अति केलं तर नाक उलट जास्तच चोंदतं. दुसरा मिठाच्या पाण्याचा, नाक ओलसर ठेवणारा, हवा तितका वापरावा. मास्तरांना त्यातलं एवढंच कळलं की तिचं नाक उघडलं की आपलं संपलं. म्हणून तर बाटल्या खणात गेल्या.

थंडी सरली, उन्हाळा लागला. सुनेचा 'ब' काही सुटला नाही. उघड्या तोंडाने श्वास घेत ती यायची, कोमट पाण्याने सगळं पुसायची, बोलत राहायची. आपलं रक्ताचं माणूसही असं करणार नाही, असं मास्तरांना रोज वाटायचं आणि रोज खणाकडे नजर जायची.

एका दुपारी पिशवी सोडवताना तिला जोरात ठसका लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काही नाही, घसा सुकतो तोंडाने श्वास घेऊन," असं म्हणून ती हसली.

आपली लाज झाकायला आपण या पोरीचा श्वासच शिवून टाकला. मास्तरांनी हात लांबवून खण ओढला, रिळं बाजूला केली आणि बाटल्या तिच्यापुढे धरल्या.

"मीच लपवल्या होत्या, पोरी. घे, आजपासून सुरू कर. पिशवीला त्या नर्सबाई येऊ देत. मुरडू देत नाक. मी जेवेन, शब्द देतो."

सुनेचे हात थांबले नाहीत. तिने नवी पिशवी लावली, सदऱ्याची बटणं घातली, हात धुतले. बाटल्या पाहिल्या आणि जिथल्या तिथे ठेवून दिल्या. मग तोंड मिटून नाकाने लांब श्वास घेतला.

"नर्सबाई कशाला, बाबा?" ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "या गेल्या त्याच संध्याकाळी मी नवीन आणल्या होत्या. माझं नाक तर तेव्हाच, आठवड्याभरात मोकळं झालं."