खरं सांगा, मास्तर

प्रयोग संपल्यावर शालिनीबाईंनी चौगुले मास्तरांना रंगपटात बोलावलं आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं.

तीस वर्षं मास्तर त्यांच्या प्रत्येक संगीत नाटकाला एसटीनं येत. कोल्हापूर, निपाणी, कुठंही. पद रंगलं की पहिला 'वन्स मोअर' त्यांचाच असे आणि सूर ढळला तर तेही ते तोंडावर सांगत.

"मास्तर, कंपनीतले सगळे वाहवा करतात. तुम्ही खरं सांगा. माझा गळा गेला का?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. 'नाही' म्हटलं तर प्रयोग चालू राहणार होते. 'हो' म्हटलं तर कंपनीच बंद होणार होती, कारण ती बाईंच्या गाण्यावरच उभी होती.

"हो बाई," ते शेवटी म्हणाले. "दिवाळीपासून वरचा सा लागतच नाही."

बाईंनी डोळे मिटले. मग उठून त्या मास्तरांच्या पाया पडल्या. "आता थांबते."

पुढच्या रविवारी दुपारी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले.

"आज कुठं प्रयोग, मामंजी?" सुनेनं विचारलं.

"कुठंच नाही," मास्तर म्हणाले आणि तसेच खाटेवर बसून राहिले.