मायाक्काची तपासणी

ज्येष्ठांचं मन ही राष्ट्राची ठेव आहे, असं मंद्रूपच्या बाजारातल्या शिबिराच्या फलकावर लिहिलं होतं. दुपारपर्यंत ती तपासून घ्यायला कुणीच आलं नव्हतं. बायको गेल्यापासून कोंडीबाने अन्न जवळजवळ सोडलं होतं, पण चारचौघांत 'येड्याच्या डाक्टरम्होरं' बसण्यापेक्षा उपाशी मरणं त्याला सोयीचं वाटत होतं. "मग तू हितंच उभा ऱ्हा," म्हणत त्याची थोरली बहीण मायाक्का स्वतःच खुर्चीत जाऊन बसली आणि मेंढरं हाकायच्या आवाजात सांगू लागली, "झोप न्हाय, भूक न्हाय, सारखं रडू येतंय. लिवा की, डाक्टर!" अख्खा बाजार ऐकत होता, हसायची कुणाची छाती झाली नाही. कोंडीबा तिच्यामागे रांगेत बसला, त्याच्यामागे आणखी सहा म्हातारे. डॉक्टरांनी मायाक्काला नीट तपासून कागदावर लिहिलं: झोप उत्तम, सकाळी तीन भाकऱ्या खाल्ल्या, औषधाची गरज नाही.