डब्यातली गोराई

“कुणाचा बाप विश्वास ठेवणार नाही,” हेडफोन कानाला दाबत सीताराम नाना म्हणाले, “पण खाडीपलीकडं गोराईत आत्ता एक सासू सुनेला ‘नीघ घरातून’ म्हणतेय, आणि मी चारकोपात बसून ऐकतोय.”

शेजारच्या मालनवहिनी पुढे सरकल्या. “मग सून काय म्हणाली हो?”

“थांबा ना. विळी आपटली तिनं.”

नानांचा जन्म कुर्ल्याच्या चाळीत लाऊडस्पीकर दुरुस्त करण्यात गेला. तिथं दारं झोपताना काय ती लागायची. चारकोपच्या नव्या वसाहतीत ती भरदिवसाही बंद. एकट्या माणसानं करायचं काय? नानांनी माइकचा अ‍ॅम्प्लिफायर जुळवायला घेतला. बारीकातला बारीक आवाज मोठा करील, पण स्वतःची खरखर त्यात मिसळणार नाही, असा. विजेची गुणगुण नको म्हणून तो बॅटरीवर चालवला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केला. एकेक भाग बदलून खरखर मारत नेली. शेवटी डबा इतका गप्प झाला, की चालू आहे की बंद, कळेना. मुंगी चालली तरी ऐकू यावी. पण हे सांगायचं कुणाला?

मग नानांनी माइक स्वयंपाकघराच्या खिडकीला, खाडीकडं तोंड करून टांगला आणि जिन्यात गोराईची बातमी सोडून दिली.

तेव्हापासून संध्याकाळी त्यांचं दार उघडं असतं. मालनवहिनी येतात, वरचे दशरथराव येतात. हेडफोन मात्र नाना कुणाला देत नाहीत. “कान तयार लागतो,” म्हणतात.

आज चंपाही टेकली होती. ती गोराईचीच, मासळीची पाटी घेऊन चारकोपात फिरते. रिकामी पाटी दाराशी ठेवून ती म्हणाली, “आमच्या गावात असली सून कुणाची ओ, नाना?”

“गावात राहून कळत नाही गं. लांबून ऐकावं लागतं,” नाना म्हणाले, आणि हेडफोन टेबलावर ठेवून चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

“आज जाते बघा ती घर सोडून,” मालनवहिनी म्हणाल्या.

“आज गेली तर संपलंच की सगळं,” दशरथराव म्हणाले. “मग उद्या यायचं कशाला?”

चंपानं पदराला हात पुसले आणि हेडफोन उचलून कानाला लावला.

“काय, दिसलं का गाव?” दशरथराव हसले.

तिनं हातानंच त्यांना गप्प केलं. ती ऐकत राहिली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

नाना कपबश्या घेऊन आले आणि उंबऱ्यातच थबकले.

चंपानं हेडफोन खाली ठेवला.

“गोराई नाय ह्यात,” ती म्हणाली. “ह्यात आतून नाना एकटेच बोलतात. म्हणतात, सुनेला आज नको घालवायला. परवा घालवू. परवापर्यंत तरी येतील सगळे.”