उत्तरेच्या उजेडातली खोली

सकाळचा उजेड उत्तरेच्या खिडकीतून आत येत होता, पण त्याला कसलीच घाई नव्हती. काचेवरच्या धुळीत तो थोडा वेळ रेंगाळला, लांब पांढऱ्या टेबलाच्या कडेला टेकला आणि मग एकेका वाटीवर सरकत गेला. त्यात ना ऊन होते, ना सावली. चहाचा रंग खोटा दिसू नये म्हणून आजोबांनी ही खोली मुद्दाम उत्तरेला बांधून घेतली होती. आज त्या उजेडात सहा वाट्या वाफाळत होत्या आणि नातू त्यांच्याकडे नुसता पाहत उभा होता. आजोबांना जाऊन महिना झाला होता. महिनाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

खिशात कागद होता. संध्याकाळच्या स्मरणसभेत त्याला बोलायचे होते. दरड कोसळली तेव्हा खेचरांवर पेट्या लादून डोंगर उतरलेले आजोबा. जळत्या जहाजावरचा माल धूर निघत असतानाच विकत घेणारे, आणि धुरकट वासाचा तोच चहा ‘खास’ म्हणून दुप्पट भावाने खपवणारे आजोबा. बुजऱ्या नातवाची वर्गात दातखीळ बसते, म्हणून वर्षभर दर शुक्रवारी शेवटच्या बाकावर येऊन बसणारेही तेच. सारे कागदावर उतरले होते. एकच गोष्ट त्याने लिहिली नव्हती: शेवटची आठ वर्षे आजोबांची चव पारखणारी जीभ कामातून गेली होती.

हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असे तो समजून होता. त्यांच्या चहाच्या पेढीचा रिवाज असा, की आधी धाकट्याने चाखून मत सांगायचे, मग थोरल्याने. नातू काहीही म्हणाला तरी आजोबा घोट घेत, चूळ टाकत आणि गरजत, “अगदी बरोबर, मालक!” एकदा त्याने एका वाटीची तोंड भरून स्तुती केली. आजोबांचे उत्तर तेच. दुपारी वाटीखालची चिठ्ठी पाहिली, तर तो नमुना ओल लागलेल्या पेटीतला निघाला. नातवाला त्या दिवशी सर्दी होती. आजोबांना मात्र नव्हती! तेव्हापासून त्याने म्हाताऱ्याची अब्रू तळहाताच्या फोडासारखी जपली.

“चाखतोयस की ध्यान लावलंयस, राजा?” कचेरी सांभाळणारी आत्या दारात आली. “दहाला लिलाव सुरू होतोय. वर्षभराचा माल आजच उचलायचा आहे. चुकलो तर यंदा पेढीला कुलूप. कितवा कळवू?”

त्याने सहाही वाट्या चाखल्या.

“तिसरा.”

टेबलाच्या टोकाशी पेढीतले जुने नोकर उभे होते; सगळे त्यांना काका म्हणत. चाळीस वर्षे या पेढीची मिश्रणे त्यांच्याच हातची. त्यांनी मान खाली घातली.

“पुन्हा एकदा बघा, धाकटे शेठ. तिसऱ्याला जुनाट वास मारतोय.”

“आजोबा असते तर ‘अगदी बरोबर’ म्हणाले असते.”

“म्हणाले असते की.” काकांचा आवाज थकलेला होता. “आणि तुम्ही खाली गेलात की सगळ्या वाट्या पुन्हा चाखून मला दुसराच आकडा सांगितला असता. आठ वर्षं हेच चाललं होतं. पोराचा धीर खचता कामा नये, म्हणायचे. जळत्या जहाजावर हसत चढलेला माणूस, पण तुम्ही वाटी उचललीत की त्याला धडकी भरायची.”

नातवाने आत्याकडे पाहिले. तिने नजर चुकवली. म्हणजे तिलाही ठाऊक होते. त्याने एखादी सबब शोधून पाहिली. शिणलेल्या मनाला एकही सापडली नाही.

“कितवा, रे?” आत्याने हलकेच विचारले.

त्याने हातातली वाटी खाली ठेवली.

“काकांना विचार,” तो म्हणाला. “मला चव कळत नाही.”