मागच्या दाराची तार

“मागे हो, प्रभा! दारात बॉम्ब आहे!”

दिगंबररावांनी परसदार धाडकन लावलं, कडी घातली आणि ते दाराला पाठ टेकून उभे राहिले. त्यांची धाप रत्नप्रभेला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आली. शहरातल्या कुठल्याशा सेक्टरात गोळीबार झाला म्हणून ऑफिस लवकर सुटलं होतं. घरी येताच, मागचं दार नीट बंद आहे ना हे पाहायला त्यांनी ते उघडून पाहिलं. काळजी करण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता.

काचबिंदूने रत्नप्रभेची नजर गेली आणि त्याच सुमारास शहरात ट्रान्झिस्टरमध्ये लपवून ठेवलेले बॉम्ब फुटू लागले. रेडिओ सारखा बजावत होता, बेवारस वस्तूला हात लावू नका. जिला हात लावल्याशिवाय काहीच कळत नाही तिने काय करायचं, हे रेडिओ सांगत नव्हता. ते दिगंबररावांनी ठरवलं. रोज सकाळी ते मागच्या कडीला तार गुंडाळत, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालत आणि दाराआडून म्हणत, “भ्यायचं काही नाही. मी आहे ना.” मग स्कूटर दूर जाई आणि घर तिच्या अंगावर येई. डोळे गेले ते एक वेळ परवडलं, पण हे कोंडून ठेवणं नको, असं तिला वाटे.

“कशात आहे बॉम्ब?” तिने विचारलं.

“खाकी पिशवीत. पायरीवर ठेवलीय. आत टिकटिक चाललीय, स्वतःच्या कानांनी ऐकली मी.”

रत्नप्रभा अंगण ओलांडून त्यांच्याजवळ आली. “तिच्या एका बंदाला गाठ आहे का हो?”

“आहे. तुला कसं ठाऊक?”

गाठ तिनेच मारली होती. आपली वस्तू हाताला ओळखू यावी म्हणून खूण करून ठेवायची, हे विनयाताईंनी शिकवलं होतं. एअर फोर्समधल्या अधिकाऱ्याच्या या पत्नी अंध बायकांना रोजचा संसार नव्याने शिकवायच्या. दुपारी त्या मागच्या गल्लीतून येऊन हळूच दार वाजवीत. रत्नप्रभा तार सोडवी आणि परतल्यावर होती तशीच गुंडाळून ठेवी. चहा न सांडता ओतणं, काठीने रस्ता चाचपणं, काच काढलेल्या घड्याळाचे काटे बोटांनी वाचणं, सगळं चोरून चाललं होतं. आज कोपऱ्यावरच्या दूधबूथपासून ती पहिल्यांदाच एकटी घरापर्यंत आली होती. फुगलेलं दार दोन्ही हातांनी ढकलायला तिने पिशवी खाली ठेवली आणि आनंदाच्या भरात तिथेच विसरली.

“मी शेजारून पोलिसांना फोन करतो,” दिगंबरराव म्हणाले. “आणि उद्या या दारालाही कुलूप. पक्कं!”

गप्प बसली असती तर तिची चोरी कुणाला कळली नसती. पण दार गेलंच असतं.

तिने नवऱ्याला हाताने बाजूला सारलं, कडी काढली आणि ती पायरी उतरली.

“प्रभा!” मागून किंकाळी आली आणि दार दाणकन आपटलं.

ती वाकली. गाठ चाचपली. पिशवीतून घड्याळ काढून तिने काट्यांवरून बोटं फिरवली.

“तीन वाजून वीस मिनिटं झालीत,” ती मोठ्याने म्हणाली. “घड्याळ माझं आहे. मी रोज दुपारी बाहेर जाते. आजही गेले होते.”

तिने दार ढकललं. कडी आतून लागलेली होती.

तिला आधी रडू आलं, मग हसू. तिने दारावर तळवा टेकला. पलीकडे तीच मघाची धाप होती.

“उघडा हो,” ती म्हणाली. “भ्यायचं काही नाही. मी आहे ना.”