उघडा कंस

पडदा पुन्हा कोराच.

लेकीने तिसऱ्यांदा प्रोग्राम बंद केला, आत अडकलेलं सगळं पुसून टाकलं आणि तो नव्याने चालू केला. बाबांच्या डाव्या भुवईवरचा सेन्सर काढून परत चिकटवला. वायर बदलून झाली होती. भुवई हलली की सेन्सरच्या खोक्यातून टिक् आवाज यायचा, म्हणजे अक्षर आत जात होतं. पुढे कुठे गडप होत होतं, देव जाणे.

प्रोग्राम तिनेच लिहिलेला, बाबांनी शिकवलेल्या लिस्प या संगणकाच्या भाषेत. अंथरुणाला खिळल्यापासून बाबा त्यावर बोलत. पाणी. उशी. पंखा. एकेक शब्द, पण वर्षभरात एकदाही अडला नव्हता. नेमका आजच त्याने दगा दिला.

"बारापर्यंत थांबतो," डॉक्टर सकाळी म्हणाले होते. "श्वासासाठी गळ्यात नळी घालायची तर आजच. पण यंत्रावर ठेवू नका, असं त्यांनीच मागे लिहून दिलंय. मन बदललं असेल तर त्यांनी स्वतः सांगावं, आणि पूर्ण वाक्यात. नुसत्या हो-नाहीवर मी तो कागद बाजूला ठेवणार नाही."

पापण्या आता आपोआप फडफडत. त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? उरली एक भुवई, आणि हा मेला प्रोग्राम.

टिक्, टिक् सुरू झालं. बराच वेळ चाललं. थांबलं. पडद्यावर काहीच नाही. तिला आधी स्वतःच्या कामाची लाज वाटली, मग नुसती भीती. बाबांना जगायचं असेल आणि आपल्या एका चुकीपायी ते कुणाला कळणारच नसेल तर?

दारात डॉक्टर उभे राहिले. हातात तो कागद होता.

"बारा वाजले," ते हळू आवाजात म्हणाले.

तिने पुन्हा सगळं पुसायला बोट उचललं. तेवढ्यात पायथ्याशी बसलेली आई म्हणाली, "अगं, हे पडद्याकडे बघतच नाहीयेत. सकाळपासून तुझ्या करंगळीकडे बघतायत."

लेक थबकली. सहा वर्षांची असताना ती बाबांच्या मांडीवर बसून त्यांचं काम बघायची. लिस्पमध्ये अनेक शब्द एकत्र सांगायचे तर कंसात घालावे लागतात. कंस बंद होत नाही तोवर यंत्र मुकाट ऐकत राहतं, उत्तर देत नाही. उघडायचे बाबा. बंद करायची ती, मोजून, करंगळीने. त्या कामाला बाबांनी पुढेही कधी हात लावला नाही. "तो तुझा प्रांत," म्हणायचे.

आणि आज वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना पूर्ण वाक्य बोलायचं होतं.

प्रोग्राम बिघडलाच नव्हता. तो वाट बघत होता. बाबाही.

तिने करंगळीने कंस बंद केला. पडद्यावर अक्षरं उमटली. डॉक्टर पुढे आले आणि त्यांनीच ती मोठ्याने वाचली:

"चौथ्यांदा सांगतोय, नळी घाला. कंस बंद करायला विसरणाऱ्या पोरीला एकटं टाकून मी जाऊ कसा?"