झाकणावरची म्हातारी

“पानी नहीं है,” म्हातारी म्हणाली आणि टाक्याच्या लोखंडी झाकणावर मांडी घालून बसली.

पाणी तिच्या खालीच होतं. जमिनीत बांधलेलं टाकं, टाक्यावर झाकण, झाकणावर म्हातारी. इतका पक्का बंदोबस्त इंद्रभाननं बँकेतही पाहिला नव्हता.

जैसलमेर मागं पडलं होतं. डांबर कधीच संपलं होतं. झोपडीसमोर तीन मोटरसायकली वाळूत तिरक्या उभ्या होत्या. पाण्याचे दोन्ही कॅन काकासाहेबांच्या बुलेटवर बांधलेले होते, कारण तीच सगळ्यांत भरवशाची गाडी, असं काकासाहेबांनीच निघताना जाहीर केलं होतं. सकाळी बुलेट वाळूत आडवी झाली. काकासाहेबांना काही लागलं नाही, कारण ते कॅनवर पडले. एक कॅन फुटला, दुसऱ्याचं बूच उडालं.

पुढचं गाव, म्हणजे मोहिमेचं शेवटचं गाव, वाळूतून दिवसभराच्या अंतरावर होतं. पाणी मिळालं तर पुढं, नाहीतर माघारी.

“मागं फिरू,” काकासाहेब म्हणाले. त्यांचं जालन्याच्या मस्तगडात धान्याचं दुकान होतं आणि माघार कधी घ्यावी हे त्यांना बाजारानं शिकवलं होतं. “डांबरी गाठू अन् गपचिप घरी जाऊ.”

“कसं जाऊ? सत्कार घेऊन आल्तो ना आपण!” इंद्रभान म्हणाला.

हे खरं होतं. जालन्यात सत्कार निघण्याआधीच करतात. परत आलेल्या माणसाचा काय सत्कार करायचा, तो तर दिसतोच रोज. सत्त्याण्णवचा डिसेंबर होता. हार झाले, नारळ झाले, ‘वाळवंट जिंकायला निघालेले वीर’ असा कापडी फलक लागला. इंद्रभान एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. माईक हातात आल्यावर तो बोलून गेला, की शेवटच्या गावाची वाळू बाटलीत भरून आणीन आणि चौकात दाखवीन. आता माघारी फिरायचं तर बाटलीत गावातल्या कुंडलिका नदीची वाळू भरावी लागली असती. ती जालन्यात सगळ्यांच्या ओळखीची.

“थांब, मी बोलतो,” काकासाहेब म्हणाले. जुन्या जालन्यातल्या कापडवाल्यांच्या संगतीनं आपल्याला मारवाडी येते, असा त्यांचा दावा होता. ती यायची, पण फक्त भाव पाडण्यापुरती. म्हातारीनं भाव सांगितलाच नव्हता.

“पिछले जाड़े में फटफटीवाले आए थे,” ती म्हणाली आणि अंगणाच्या कोपऱ्याकडं बोट केलं, जणू तिथं खून झाला होता. “यहाँ गाड़ी धोकर गए.”

तिघांनी त्या कोपऱ्याकडं पाहिलं. तिसऱ्या गाडीवरच्या मल्हारीनं तर कानाला हात लावला.

“तुम लोग कहाँ के?”

“औरंगाबाद,” इंद्रभान म्हणाला. सगळ्या वाटेवर तो हेच सांगत आला होता. जालना म्हटलं की माणसं ‘ते कुठं आलं?’ विचारत. औरंगाबाद म्हटलं की निदान वेरूळचं नाव निघे आणि चहा लवकर येई.

म्हातारी औरंगाबादनं हलली नाही. मात्र शेजारी झाकून ठेवलेल्या घागरीतून तिनं एक लोटा भरला आणि पुढं सरकवला. तिघांत एक. हात-तोंड धुवा, प्या आणि वाटेला लागा. ती बघत बसली.

आधी तिघं प्याले. लोटा ओठांना न लावता, वरून, डोळे मिटून. मग मल्हारीनं चहाचं पातेलं काढून खाली ठेवलं. इंद्रभाननं तोंड धुवायला पातेल्यावर ओंजळ धरली. तिच्याखाली मल्हारीनं धरली. काकासाहेबांनी लोटा तिरका केला.

“आवं, धार कशाला धरून राह्यले? थेंब-थेंब सोडा!”

“गप रे मल्हारी. लोटा माझ्या हातात है.”

“सांडला बघा एक!”

“सांडला न्हाई. इंद्रभानच्या मिशीवर है.”

इंद्रभाननं मिशीवरचा थेंब बोटानं टिपून डोळ्याला लावला. पातेल्यात जमलेल्या पाण्यात काकासाहेबांनी आपले हात धुतले. त्यातच रुमाल भिजवून तिघांचे चष्मे पुसले. रुमाल पातेल्यात पिळला, डोक्यावर टाकला आणि वरून हेल्मेट घातलं. उरलेलं गढूळ पाणी मल्हारीनं खुंट्याला बांधलेल्या शेळीपुढं ठेवलं. शेळीनं पातेलं चाटून कोरडं केलं.

इंद्रभानला यात काही विशेष वाटलं नाही. घरी नळ पंधरवड्यानं यायचा, तोही मनात आलं तर. भाज्या धुतलेलं पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला, फरशीचं मोरीला. एकच काम करून पाणी घराबाहेर पडलं, तर त्याची बायको जयवंताबाई दोन दिवस बोलायची नाही. पाहुणा तांब्याभर पाण्यानं चूळ भरायला लागला, तर पाहुण्याशीही.

मान वर केली तेव्हा म्हातारी झाकणावर नव्हती. झाकण बाजूला पडलं होतं. ती वाकून पोहरा ओढत होती. मोकळा कॅन तिनं स्वतः भरला, गळ्यापर्यंत. फुटक्या कॅनला मल्हारीनं ट्यूबचा तुकडा चिकटवला, तर तोही भरला. वर काकासाहेबांच्या हातात आणखी एक लोटा दिला, नुसता प्यायला.

मग तिनं पदरानं हात पुसले आणि इंद्रभानकडं बघितलं. घरच्या माणसाकडं बघतात तसं.

“सच बताओ बेटा,” ती म्हणाली. “कौन-से रेगिस्तान के हो?”

इंद्रभाननं हेल्मेट काढलं. छाती पुढं काढली.

“जालना,” तो म्हणाला.